पाचवीच्या रात्री गेलेली झोप

आमच्या गल्लीत तेव्हा गजराचं घड्याळ कुणाकडेच नव्हतं. त्याची गरजही नव्हती, कारण मी होते.

शहाद्याला जाणारी पहिली एस.टी. धरायची असली, की आदल्या संध्याकाळी माणूस आमच्या ओट्याशी येऊन उभा राहायचा. समोरचे दगा भाऊ तर नेमाचेच. बांधावरून त्यांचा भावकीशी दावा चालू होता आणि कोर्टाच्या तारखा काही संपत नव्हत्या. "इंदू वहिनी, सकाय माले तारीख शे. पहाटले उठाडी देजो व," एवढं सांगून ते निर्धास्त घरी जायचे आणि घोरायला लागायचे. पहाटे मी जाऊन त्यांची कडी वाजवायची. एकदाही चुकले नाही. चुकायला आधी झोप लागावी लागते.

म्हसावद हे माझं सासर. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी विशीतली, एका मुलीची आई, आणि मला झोप येत नव्हती. एखाद्या रात्री येत नव्हती असं नव्हे. येतच नव्हती.

लोक हसत सांगायचे आणि मीही हसत हो म्हणायची. आज इतक्या वर्षांनी त्या हसण्याची मला चीड येते, त्यांच्याही आणि माझ्याही.

परवा नात्यातली एक सून माझ्याजवळ येऊन बसली. स्वतःबद्दल बोलली काही नाही. पण डोळ्यांखालचं ते काळं आणि बोलताना मध्येच हरवणारी नजर मी ओळखली. तिला घरचे सांगतात, दिवसभर काम कर म्हणजे रात्री झोप येईल. जणू ती दिवसभर झोपाळ्यावर बसलेली असते! तिच्यासाठी म्हणून हे लिहिते आहे.

पाचवी

माझ्या लेकीच्या, कुसुमच्या पाठीवर मला मुलगा झाला. कापूस वेचणीचे दिवस होते. घरातल्या सगळ्या बायका उजाडता शेतात आणि मावळता घरात, अशी धावपळ. बाळंतपण घरीच झालं, दाईने केलं. मुलगा गोरा, डोक्यावर भरपूर जावळ. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे मायच म्हणायचो. मायने त्याला पाहिलं आणि देवापुढे गूळ ठेवला.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, त्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली, दिवा लावला. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. आमच्या घराची रीत अशी की तो दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही आणि आईने डोळा मिटायचा नाही. सोबतीला बायका बसतात, गाणी म्हणतात.

पण त्या बायका दिवसभर कापूस वेचून आलेल्या. गाणी लवकर संपली. एकेक करून त्या उठून गेल्या; दिव्यात तेल घालायला माय तेवढी दाराशी बसून राहिली. मी भिंतीला टेकून बसले होते आणि बाळ मांडीवर होतं. पुढचं मला एवढंच आठवतं की कुणीतरी माझा खांदा हलवत होतं. ती मोठी बाई होती, म्हणजे माझी थोरली जाऊ. दिवा विझला होता. उजाडायला आलं होतं. बाळ गार पडलं होतं.

माय दारातच उभी राहिली. तिच्या तोंडून निघालं, "पाचवीनी रात, आनि तुले झोप लागनीच कशी व?"

माय दुष्ट बाई नव्हती. ते शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. नंतर तिने ते पुन्हा कधी काढलेही नाहीत. तिने काढायची गरजच नव्हती. ते काम मी दिवसरात्र करत होते.

जागी

झोप न येणं म्हणजे काय, हे ज्याला येते त्याला सांगून कळत नाही. झोप यायची हो! जेवण झालं की अंग शिसं झाल्यासारखं जड व्हायचं. आता लागली, आता लागली असं वाटायचं, आणि नेमक्या त्या क्षणी कुणीतरी धक्का दिल्यासारखी मी ताडकन उठून बसायची. छाती धडधडायची. हात आपोआप मांडीवर जायचा. मांडी रिकामी असायची. मग कुसुमच्या नाकाशी बोट धरून तिचा श्वास बघायचा. तो चालू असला की आडवं व्हायचं, आणि पुन्हा तेच.

आमचं घर धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं. थंडीत आम्ही बायका-पोरं सगळी माजघरात झोपायचो. दाराला आतून लाकडी आडणा घातलेला. माझी जागा भिंतीकडची. बाहेर पडायचं तर पाच-सहा जणांना ओलांडावं लागायचं आणि कोणीतरी "कोन शे?" म्हणून ओरडायचं. म्हणून मी पडून राहायची. उन्हाळ्यात सगळे धाब्यावर निजायला गेले की मोकळं वाटेल अशी आशा होती. तिथे तर अख्खी गल्ली धाब्याधाब्यांवर पसरलेली दिसायची आणि सगळी कशी सुखात झोपलेली! तेवढ्या माणसांत जागं राहणं मला माजघरापेक्षाही कोंडवाड्यासारखं वाटलं. माजघरात निदान अंधार तरी होता.

पहिल्यांदा घरच्यांना काळजी वाटली. मग सवय झाली. आणि मग सोय झाली. हा भाग मला सगळ्यात कठीण गेला.

गाय विणार असली की लक्ष ठेवायला मी. उसाला पाणी चालू असताना पुरुष आले तर त्यांना भाकरी द्यायला मी. कुणाचं पोर तापलं तर कपाळावर पट्ट्या ठेवायला मी. "धाकली जागीच शे ना," असं म्हणून माणसं कूस बदलायची. दुपारी जरा आडवं व्हावं म्हटलं तर दिवसाची कामं कुणाला चुकली आहेत? वर गल्लीच्या कड्या. कुणालाही नाही म्हणता येईना, कारण मला एकच उत्तर मिळालं असतं: नाहीतरी तू जागीच असतेस.

आणि खरं सांगू? एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मला ती कामं हवीही होती. गाय माझ्या देखरेखीखाली नीट व्यायली, पोराचा ताप उतरला, दगा भाऊंना एस.टी. मिळाली, की वाटायचं, बघा, मी जागी आहे. आता माझ्या हातून काही मरणार नाही. म्हणजे दार बाहेरून लावलेलं होतं तसं आतूनही लावलेलं होतं.

उपाय

मायने हात-पाय गाळले नाहीत, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. काशाच्या वाटीने तिने स्वतः माझ्या तळपायांना तूप घासलं. म्हशीच्या दुधात जायफळ उगाळून दिलं. खसखशीची खीर केली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका भगताकडून दोरा आणला आणि माझ्या दंडाला बांधला. तूप घासताना ती काही बोलायची नाही, मीही बोलायची नाही. मला वाटायचं, ती मनात तेच म्हणत असेल.

मग माहेरी पाठवलं. माझं माहेर तापीकाठी, प्रकाशाजवळ. आई रोज सकाळी तोंडाकडे बघून विचारायची, "लागनी का व झोप?" पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मी लागली म्हणून सांगू लागले. पण त्यानंतर रात्र अजूनच अवघड झाली, कारण सकाळी काय सांगायचं त्याचीही तयारी करावी लागायची. आजारी माणसाला रोज सकाळी हा प्रश्न विचारू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

परत आले ती जास्त बिघडून. भाकरी तव्यावर जळायची आणि मला वास यायचा नाही. माणसं बोलायची ते पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटायचं. रडूही येत नव्हतं. विहिरीवर जाणं मी हळूहळू टाळू लागले. पाणी लांब म्हणून नव्हे. काठाशी उभं राहिलं की मनात येई, इथे तरी झोप लागेल. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबला. पण ज्याच्या मनात असं येत असेल त्याने ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं, म्हणून लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त मोठ्या बाईला म्हणाले, "माले पानी भराले लावू नका." तिने कारण विचारलं नाही, पण त्या दिवसापासून हंडा तिने उचलला.

कुसुमचं बाहुलं

माझ्यासाठी मी डॉक्टरकडे गेले नसते. गेले ती कुसुममुळे.

ती तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची. तिला मी चिंध्यांचं एक बाहुलं करून दिलं होतं. एका संध्याकाळी ती ओट्यावर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे वडील बैल सोडून नुकतेच आले होते आणि पाय धूत होते. मी दारात तांदूळ निवडत होते. कुसुम बाहुल्याच्या गालावर चापट्या मारत होती. प्रेमाने नव्हे, जोराने. आणि म्हणत होती, "झोपू नको हां. जे झोपतस, ते मरी जातस."

ह्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ह्यांनी तिला विचारलं, "कोन सांगं व तुले?"

ती म्हणाली, "आई झोपस नही. मी बी झोपाव नही."

तेव्हा आमच्या लक्षात आलं. महिनाभर ती दिवेलागण झाली की रडत होती, पाठीवर घेतलं तरी डोळे फाडून बघत राहायची. आम्ही म्हणायचो, पोरगी हट्टी झाली. हट्टी कुठली! ती माझ्यासारखी पहारा देत होती. माझ्या शेजारी पडून तीही माझा श्वास बघत असेल का, हा विचार आला आणि कितीतरी महिन्यांनी मला रडू फुटलं. सुपातले तांदूळ तसेच ठेवून मी रडले.

आमचे हे फार बोलणारे नव्हते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण दिवसा आमचं बोलणं म्हणजे जेवायला चला आणि आलो, एवढंच. त्या रात्री ते सगळ्यांसमोर मायला म्हणाले, "सकाय मी इले धुळाले लई जास. मोठा डॉक्टरले दखाडस."

मायने विचारलं, "लोके काय म्हनतीन? येडी झायी म्हनतीन."

"पोट दुखस म्हनी सांग," ते म्हणाले.

मोठी बाई चुलीपुढून म्हणाली, "कुसुम मन्हाजोडे ऱ्हाई. सयपाकनं मी देखसू. तुम्ही जा." पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो. दगा भाऊंचीही तारीख होती; निघताना त्यांची कडी मीच वाजवली आणि तेही त्याच गाडीत बसले. शहाद्यापर्यंत ते मला पोटदुखीवर ओवा कसा घ्यायचा ते समजावत होते.

धुळ्याचे डॉक्टर

मोठ्या दवाखान्यात दिवसभर बाकावर बसून राहिलो, तेव्हा कुठे नंबर लागला. डॉक्टर उतारवयाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ह्यांनी तिथेही सवयीने पोट दुखतं म्हणूनच सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि नर्सला आत बोलावलं. मग विचारलं, "बाई, झोप कधीपासून गेली?"

मी सांगितलं, पाचवीपासून.

"कुणाच्या पाचवीपासून?"

हे मला तोपर्यंत एकाही माणसाने विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. कापूस, गाणी, भिंत, विझलेला दिवा, मायचं वाक्य. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "आदल्या दिवशी बाळ दूध नीट घेत होतं का?"

मी आठवू लागले. नव्हतं घेत. दुपारपासून त्याने तोंड घट्ट मिटलं होतं. आम्हाला वाटलं, पोट भरलं असेल. अंग मध्येच ताठ व्हायचं. दाई म्हणाली होती, आळस देतंय.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, त्याला धनुर्वात झाला होता. तो पाचवीच्या आधीच आजारी होता. तुम्ही रात्रभर टक्क जाग्या असतात, दहा दिवे लावले असते, तरी त्या घरात त्याला वाचवण्याजोगं काही नव्हतं. तुम्ही झोपलात म्हणून तो गेला नाही."

लोकांना वाटतं हे ऐकलं आणि मी सुटले. तसं होत नाही. कानांना कळलं. अंगाला कळलं नाही. पण इतके दिवस ज्या खोलीत मी बंद होते तिला एक खिडकी आहे, एवढं मात्र त्या दिवशी दिसलं.

मी म्हटलं, "मला फक्त झोपेचं औषध द्या." ते म्हणाले, "झोप गेली म्हणून तुमचं मन आजारी पडलेलं नाही. मन आजारी पडलं म्हणून झोप गेली आहे. नुसती झोप आणून भागणार नाही. इथे राहावं लागेल." मी बाहेर आले तेव्हा ह्यांनी विचारलं, काय झालं म्हणाले? मी सांगितलं, मनाला झालंय. त्यांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाले, "मंग मनले बरं करूत." एवढ्या शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

वॉर्ड

मनाच्या आजाराला वेगळी जागा नव्हती. बायकांच्या वॉर्डातच कोपऱ्यातली खाट मिळाली. खिडकीला गज, दारावर म्हातारा वॉचमन, आणि भेटीची वेळ संपली की मोठं दार बंद. पहिल्या दिवशी मी त्या गजांना धरून उभी राहिले आणि वाटलं, एका कोंडवाड्यातून निघून दुसऱ्यात आले.

सकाळी चहा, ताप बघणं, डॉक्टरांची फेरी. दुपारी पातळ वरण आणि भात. संध्याकाळी नर्स गोळी हातावर ठेवायची आणि गिळली की जीभ बाहेर काढायला लावायची. मला फार लाज वाटायची. पहिल्या गोळ्यांनी झोप आली, पण ती झोप नव्हती, विहिरीत धोंडा टाकावा तसं होतं. सकाळी तोंड कडू, पाय लटपटत. मी रागावून म्हणाले, यापेक्षा जागी बरी. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पुन्हा बदलल्या. रोज दहा मिनिटं ते खाटेशी बसून मला बोलतं करायचे. कधी मी बोलायची, कधी भिंतीकडे तोंड करायची. त्यांनी राग मानला नाही.

शेजारच्या खाटेवर सातपुड्यातली एक बाई होती, काठी गावाकडची. पाय मोडला होता म्हणून आणलेली. नाव फुलीबाई. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला जेमतेम कळायची. ती घोरायची अशी की खिडकीचे गज वाजावेत. पहिले काही दिवस मला तिचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. मग एकदा तिने खुणेने विचारलं, तू झोपत का नाहीस? मी मांडीवर बाळ असल्यासारखे हात केले आणि मग ते उघडे केले. तिला कळलं. तिने स्वतःची चार बोटं वर केली, मग त्यातली दोन मिटली. तिचीही दोन गेली होती.

त्यानंतर ती रोज दिवे मंद झाले की खाटेवरून हात लांबवून माझ्या दंडावर थोपटायची. तसं थोपटता थोपटता ती आधी झोपायची आणि तिचा जड हात माझ्या अंगावर तसाच राहायचा. तो मी काढत नसे. एकदा तिने दिवसा त्यांच्याकडच्या होळीची गंमत सांगितली. अर्धे शब्द, अर्धे हात. रात्रभर ढोल, रात्रभर नाच, उजाडेपर्यंत कुणी झोपत नाही. मी ऐकून थक्क झाले. आनंदानेही माणसं जागतात, हे मी पार विसरले होते. मी विचारलं, मग नंतर? तिने गालाखाली हात ठेवला आणि खोटं खोटं घोरून दाखवलं. मी हसले. आपण हसलो हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एका पहाटे वॉर्डातली बादली दाणकन पडली आणि मी दचकून जागी झाले. जागी झाले, म्हणजे त्याआधी झोपले होते. गोळीची नव्हे, माझी, साधी. छाती धडधडली, हात मांडीवर गेला. पण नंतर मी पुन्हा आडवी झाले.

परत

घरी आले तेव्हा पेरण्या झाल्या होत्या. गोळ्या चालूच होत्या. डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं, हिला रात्रीचं कुठलंही काम द्यायचं नाही. ह्यांनी ते घरात सांगितलं. गल्लीला कोण सांगणार? दुसऱ्याच संध्याकाळी दगा भाऊ ओट्याशी हजर. "पोट बरं शे ना वहिनी? सकाय तारीख शे मन्ही." आणि मी काय केलं? हो म्हणाले. मग त्यांना उठवायचं आहे या धास्तीने रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कडी वाजवून आले आणि स्वतःवर इतकी चिडले की चुलीत लाकडं फेकली.

असं पुढे मागे चाललं होतं. चार दिवस बरे, दोन दिवस वाईट. कुसुम अजूनही संध्याकाळी घाबरायची. मी झोपले तर तिला भीती वाटायची आणि मी जागी राहिले तर तीही जागायची. डॉक्टर म्हणाले होते, तिला समजावू नका, तिला तुम्ही झोपून उठलेल्या दिसू द्या. पण तिच्यादेखत माझा डोळा मिटतच नव्हता.

मोठ्या बाईला दिवस राहिले होते. दिवाळीनंतर ती बाळंत झाली. मुलगा. पुन्हा वेचणीचे दिवस, पुन्हा तेच माजघर. मी त्या खोलीच्या उंबऱ्याशी जायची आणि माघारी फिरायची. गल्लीतल्या बायका कुजबुजत होत्या की पाचवीला धाकलीची सावली नको. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. माझ्याही मनात तेच होतं.

पाचवीच्या संध्याकाळी मोठ्या बाईने मला हाक मारून आत बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुन्ही गोधडी आठे टाक. मन्हा पोऱ्याजोडे. कुसुमले बी ली ये."

मी म्हटलं, "मी जागी ऱ्हासू ना, पन बाहेर."

"जागी ऱ्हावाले नही बलावं," ती म्हणाली. "झोपाले बलावं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी मायकडे पाहिलं. माय पाट्यापुढे बसून वात वळत होती. तिने दिवा लावला, तेलाची बुधली शेजारी ओढून घेतली आणि भिंतीला न टेकता मांडी घालून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवाकडे मी देखसू. तू झोप."

मी गोधडी टाकली आणि अंग चोरून आडवी झाले. एका बाजूला ते पाच दिवसांचं पोर, दुसऱ्या बाजूला कुसुम टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत. गाणी झाली, बायका गेल्या. मोठी बाई बाळंतिणीच्या खाटेवर टेकून बसली होती. आणि तेव्हा माय हळू आवाजात बोलली. दिव्याशीच बोलत असावी तशी.

"त्या रातले मन्हा बी डोया लागी गया व्हता. तुन्हा पहिले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने पुढे काही सांगितलं नाही. वात वर सरकवली, तेल घातलं. ती माझे तळपाय का घासत होती, ते मला त्या क्षणी कळलं. दारात उभी राहून तिने जे विचारलं होतं, ते तिने कुणाला विचारलं होतं, तेही कळलं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी हात पुढे करून तिच्या पावलावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

सकाळ

पुढचं मी अर्धवट गुंगीत ऐकलं.

दाराशी कोणीतरी ओरडत होतं. दगा भाऊंचा आवाज. "अशी कशी वहिनीनी उठाडं नही? मन्ही यष्टी चालनी गयी! आते कोर्टमा काय सांगू?"

मायचा दबका, संतापलेला आवाज. "आरडू नको रे भो. दुसरी यष्टी येई. आजपाईन तिले कोनी बी उठाडाले सांगानं नही, आनि कोनी बी तिले उठाडानं नही. सारी गल्लीले सांगी दे."

गोधडीवर ऊन आलं होतं. गालाला ते लागत होतं. शेजारी बाळ दूध पिताना चुटूचुटू आवाज करत होतं. मला डोळे उघडता आले असते, पण मी उघडले नाहीत.

मग कुसुमचा आवाज आला, अगदी माझ्या तोंडाजवळून. ती केव्हाच उठली होती. तीही रात्री झोपली होती म्हणजे. तिने विचारलं, "माय, आई मरी गयी का?"

दारातून मायची पावलं जवळ आली.

"नही व पोरी," माय म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "झोपेल शे. देख, श्वास चाली ऱ्हायना. झोपेल शे तुन्ही आई."

एक लहानसं बोट माझ्या नाकाशी आलं. थोडा वेळ तिथे थांबलं. मग कुसुम माझ्या पोटाशी शिरली आणि मी तिच्याकडे कूस करून पुन्हा झोपले.